लाल वडीचे दिवस

१२ फेब्रुवारी

आज अत्तरवाल्याशी वाजलं. गुलाबाचं तेल म्हणून त्यानं जी बाटली पाठवली, तिच्यात आणि नळाच्या पाण्यात मला काही फरक दिसेना. सरळ त्याच्या दुकानात गेलो आणि बाटली गल्ल्यावर आदळली. म्हटलं, "इतक्या वर्षांचा संबंध, आणि आता मलाच गंडवायला लागलास?" त्यानं बूच काढून हुंगलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगलं. "काका, माल नेहमीचाच आहे," म्हणतो. वर तोंड करून! सूनबाई बरोबर होती. ती त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली आणि त्यानं मुकाट्यानं बाटली बदलून दिली. दुसरीही तसलीच निघाली. पण पुन्हा भांडायचं त्राण नव्हतं.

बाजारात मला 'नाकवाले' म्हणतात. साबण करणारे पुष्कळ आहेत. पण वेष्टनातली वडी न उघडता कुठल्या घाण्यातली ते सांगणारा मी एकटा. घराखालच्या दोन खोल्या म्हणजे आमचा कारखाना. मी शिजवतो, सूनबाई वड्या कापते, गुंडाळते, आणि चिरंजीव गाडीतून दुकानादुकानांत पोचवतो. गुलाब, चंदन, मोगरा, लिंबू. एवढ्यावर घर उभं आहे.

हिवाळ्यात मला तो मेला ताप येऊन गेला तेव्हापासून बघतोय, सगळ्याच मालात भेसळ सुरू झाली आहे. आमच्या हिच्या हातालाही पूर्वीची चव राहिली नाही. मी बोलत नाही, वरून मीठ घेतो. वय झालं बिचारीचं.

१५ फेब्रुवारी

मेहुण्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून दवाखान्यात जाऊन आलो. जाताना कपाळाला आठ्या होत्या, येताना शीळ घालत आलो. कारण सांगतो.

वॉर्डाच्या दारात पाऊल टाकलं आणि नाकात एकदम कार्बोलिक घुसलं. फरशी त्यानंच पुसत होते. डांबर, धूर आणि औषध यांच्या मधला तो वास, नाकाच्या शेंड्यापासून थेट डोक्यात जाणारा. डोळ्यांत पाणीच आलं. किती महिन्यांनी एखादा वास असा छाती काढून समोर उभा राहिला! लोक नाकाला रुमाल लावून चालले होते, आणि मी तिथं खांबाला टेकून भरभरून श्वास घेतोय.

कोपऱ्यात मेट्रनबाई हात धुवत होत्या, लालभडक वडीनं. ती कार्बोलिकचीच. म्हटलं, "कुणाचा हो साबण?"

"होता एक कारखाना. बंद पडला," त्या म्हणाल्या. "एवढी पेटी संपली की आमचे हात उघडे. तुम्हाला काय करायचंय पण?"

"मी साबणवाला आहे."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मग करून आणा की. पण एक सांगते, काका. जंतू मेले पाहिजेत, आमची कातडी नाही."

मेहुण्याला भेटायचं राहिलंच होतं. परत आत गेलो.

१६ फेब्रुवारी

जेवताना बेत जाहीर केला. कार्बोलिकचा साबण करायचा. मला वाटलं होतं की गलका होईल. पण कसलं काय! ही सूनबाईकडे बघते, सूनबाई चिरंजीवाकडे, आणि चिरंजीव ताटाकडे.

शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हाला तो वास आला? नीट?"

"आला म्हणजे? अगं, वास म्हणावा तर असा! नाहीतर हल्लीची तुमची फुलं. मेलेली."

तिचे डोळे भरून आले. खालच्या कॉस्टिक सोड्याची वाफ फार बाधते तिला, मी केव्हाचा सांगतोय की खिडकी उघडी ठेवत जा. मग हसून म्हणाली, "करू या, बाबा. नक्की करू या." हीसुद्धा लगेच तयार झाली. हिचं हे असं, सूनबाईनं हो म्हटलं की हिचं हो.

२३ फेब्रुवारी

औषधांच्या ठोक व्यापाऱ्याकडून कार्बोलिक आणलं. काचेच्या बरणीत पांढरे, किंचित गुलाबी झाक असलेले खडे. दिसायला खडीसाखर. बरणी कोमट पाण्यात ठेवली की आपोआप वितळतं. व्यापाऱ्यानं तीनदा बजावलं की जाड रबरी हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. तरी एक थेंब मनगटावर उडालाच. जागा पांढरीफटक पडली आणि बधिर झाली. दुखलं म्हणून नाही. दुखत नाही हाच त्याचा वाईटपणा. सूनबाईनं माझा हात धरून नळाखाली कितीतरी वेळ ठेवला आणि लहान मुलाला रागवावं तशी रागवली.

म्हणजे या औषधाचं सगळं प्रमाणावर आहे. जरा कमी पडलं तर नुसता लाल साबण, जरा जास्त झालं तर माणसाची कातडी सोलणार.

२६ फेब्रुवारी

पहिला घाणा घातला. साबण शिजून निवत आला की मगच कार्बोलिक घालायचं, आधी नाही. घातलं. हुंगलं. कुठे आहे वास? आणखी घातलं. आता जरा जाणवला. आणखी थोडं घातलं तेव्हा कुठे मनासारखं झालं.

चिरंजीव खोकत बाहेर पळाला. शेजारीण गॅलरीतून ओरडली, "काय जाळताय हो?" सूनबाई डोळे पुसत उभी. "बाबा, जास्त झालं असं वाटत नाही? तराजूनं मोजून घालू या ना."

"तराजू? आजवर या घरात वास तराजूनं घातलाय का कधी? माझ्या नाकावर विश्वास उरला नाही वाटतं."

"आहे हो, बाबा," ती म्हणाली. मग साचे मांडायला वळली.

मी फार लागट बोललो का? पण एवढ्याशा गोष्टीत तिनं चेहरा पाडायचं कारण काय?

२८ फेब्रुवारी

काल दिवसभर हिनं मला तिच्या बहिणीकडे अडकवून ठेवलं. कामाच्या दिवशी! आज साचे उघडले तर नवल. ओतलं होतं त्यापेक्षा वड्या कितीतरी जास्त. दुपटीला आल्या म्हणा ना. उतारा इतका चांगला पडेल असं वाटलं नव्हतं. रंगही जरा फिका झालाय, पण निवल्यावर होतो कधी कधी.

सूनबाई दमलेली दिसते. डोकं धरून बसली होती. म्हटलं, "काल मी नव्हतो तर विश्रांती घ्यायची होतीस."

"घेतली ना, बाबा," म्हणाली. चिरंजीवाला उगाच हसू आलं.

९ मार्च

मेट्रनबाईंचा होकार आला! वड्या आठवडाभर वापरून बघितल्या त्यांनी. म्हणाल्या, "काका, आधीच्या साबणानं आमच्या पोरींचे हात खरखरीत व्हायचे. तुमच्या साबणानं होत नाहीत. आणि वासही कसा बेताचा ठेवलाय."

बेताचा? मी तर ठसठशीत ठेवला होता. असो, दवाखान्यात राहून त्यांची नाकं मेली असणार. दर महिन्याला पेट्या द्यायच्या ठरल्या. येताना हिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. हिनं तो नाकाशी धरला, मग माझ्या नाकाशी धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "छान आहे," मी म्हणालो. हिनं पाठ फिरवली आणि गजरा माळायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. या वयातही लाजते.

२१ मार्च

आज थोडं मनातलं लिहितो.

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत शिरलो की बोलणं थांबतं. परवा चिरंजीव म्हणत होता, "किती दिवस असं चालवायचं?" आणि सूनबाई म्हणाली, "त्यांना जमेल तेवढे." मला पाहिल्यावर दोघंही पंख्याविषयी बोलायला लागली.

शिवाय सूनबाई आता प्रत्येक वासात माझ्या आधी बोलते. तेलात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगते, "बाबा, हा जरा उग्र वाटतो ना?" म्हणते आणि मग माझ्यापुढे धरते. तिचं असतं बरोबर. मीही हो म्हणतो. पण आधी मी बोलायचो आणि बाकीचे हो म्हणायचे. चिरंजीव सांगतो की दुकानदार म्हणतात, गुलाब कधी नव्हे इतका सुरेख येतोय. मी तर काहीच बदललेलं नाही.

मला घरी बसवायचा विचार आहे का यांचा? बसवा. पण तोंडावर सांगा.

एवढं लिहिलं आणि वाटलं, आपण कोत्या मनाचे झालो. पोरगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या बरोबरीनं राबते. कार्बोलिकच्या दिवशी तर तिला धड जेवणही जात नाही, तरी एकदाही म्हणाली नाही की हे बंद करा.

२ एप्रिल

आज दूध उतू जाऊन भांडं करपलं. मी स्वयंपाकघरातच ओट्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होतो. ही धावत आली. "अहो, दूध!" मी म्हटलं, "बातमीच तशी होती." ही भांडं घासत बसली. रागावली नाही. मला ते जास्त लागलं.

लाल साबणाचा तिसरा घाणा उत्तम. कारखान्यात पाऊल टाकलं की नाकाला तो झोंबतो आणि वाटतं, आहोत आपण अजून.

८ एप्रिल

आज घडलं ते लिहून काढतो.

सकाळी नेहमीप्रमाणे मी सगळ्यांच्या आधी खाली उतरलो. दार उघडलं, खिडकी बंदच होती. कढईत खोबरेल ओतलं. शेगडी पेटवायला काडी घेतली, पेटीवर टेकवली, आणि जिन्यावरून किंकाळी ऐकू आली.

"बाबा! काडी ओढू नका!"

सूनबाई. मी वळेपर्यंत ती तीन-तीन पायऱ्या उतरून आलीच. माझ्या हातातली पेटी हिसकावली, शर्टाला धरून मला ओढत अंगणात नेलं आणि ढकललंच जवळजवळ. पुन्हा आत पळाली. सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. नळी शेगडीपाशी चिरली होती.

तोवर ही आणि चिरंजीव खाली आले. शेजारीण तिच्या गॅलरीत नाक दाबून उभी. म्हणाली, "अहो, आमच्या घरापर्यंत वास येतोय!"

मी सगळ्यांकडे बघितलं. प्रत्येकाच्या नाकाला पदर, रुमाल, हात. आणि मी विचारलं, "कसला वास?"

हिनं नाकावरचा पदर हळूच खाली घेतला.

मी पुन्हा आत गेलो. चिरंजीव अडवायला लागला, ही म्हणाली, "जाऊ दे त्यांना." फळीवरून गुलाबाची बाटली काढली, उघडली. काही नाही. चंदन. काही नाही. लवंगाचं तेल मी बोटावर घेऊन नाकपुडीतच लावलं. जरा चरचरलं, बस्स. लवंग कुठे होती?

मी ओल्या फरशीवर खाली बसलो. सूनबाई शेजारी येऊन बसली. तिचा श्वास अजून लागलेला होता.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तापानंतर. आईंनी फोडणी जाळली मुद्दाम, तुम्ही काही बोलला नाहीत तेव्हा."

"आणि पहिला लाल घाणा?"

तिनं दाराकडे बघितलं. चिरंजीव दारातून म्हणाला, "सगळा पुन्हा वितळवला, बाबा. तेवढाच साधा साबण मिसळला त्यात. हिला त्या वासानं दोनदा ओकारी झाली."

"आणि गुलाब?"

"तुम्ही जास्त ओतायचात," सूनबाई म्हणाली, "म्हणून मी बाटलीत आधीच साधं तेल मिसळून ठेवायची."

मला हसू आलं की रडू, कळेना. "मग मला सांगायला काय झालं होतं? मेलो असतो की आज मी! आणि वरच्या मजल्यावर तुम्ही सगळेही."

यावर ती पोरगी जी रडायला लागली ती आवरेना. "माझीच चूक झाली. मी म्हटलं होतं सगळ्यांना की नका सांगू. तुम्ही दवाखान्यातून आलात ना त्या दिवशी, शीळ घालत आलात. किती दिवसांनी. मला वाटलं, तेवढं तरी राहू दे."

ही आली आणि तिनं आम्हा दोघांच्याही पाठीवर एकेक थाप मारली, जोरात, रागावल्यासारखी. "उठा आता. फरशी गार आहे."

९ एप्रिल

काही लिहायला नाही. शेगडीची नळी बदलली. मी दिवसभर वरच होतो.

१२ एप्रिल

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बरोबर ही. डोळे मिटायला लावून बाटल्या नाकाखाली धरल्या. कॉफी, दालचिनी, संत्रं. मी आपला नापास विद्यार्थ्यासारखा मान हलवतोय. शेवटच्या बाटलीला मी ताडकन म्हणालो, "कार्बोलिक!"

"कार्बोलिक नाही, अमोनिया आहे," त्या म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. वास घेणारी नस वेगळी, आणि झोंबणं कळणारी वेगळी. तापानं पहिली गेली, दुसरी शाबूत आहे. "तुम्हाला कार्बोलिकचा वास येत नव्हता, आजोबा. ते फक्त टोचत होतं."

परत येईल का विचारलं. म्हणाल्या, थोडं येईलही, कदाचित नाही येणार, आशा सोडू नका आणि तिच्यावर विसंबूही नका.

म्हणजे तेवढा एक वास माझा म्हणून जपला होता, तोही वास नव्हताच. बसमध्ये मी हेच म्हणालो. ही खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "टोचत होतं तर एवढे खूश कशानं होता?"

"काहीतरी होतं ना, गं."

"मग झालं तर," ही म्हणाली.

घरी आल्यावर मी हिला विचारलं की माझ्या मीठ घेण्याचं तुला वाईट वाटलं का. "वाईट? मी मुद्दाम अळणी करत होते हल्ली. तुमचं ब्लड प्रेशर कोण बघणार?" आणि मी हिचं वय झालं म्हणत होतो!

१४ एप्रिल

अत्तरवाल्याकडे गेलो. एकटा. माफी मागितली. तो इतका ओशाळला की त्यानंच माझ्यासाठी खुर्ची पुसली. त्या दिवशी सूनबाई त्याच्या कानाशी काय बोलली होती तेही कळलं. "बाबांना बरं नाहीये, दादा. तुम्ही काही मनावर घेऊ नका आणि त्यांना काही बोलू नका. बाटली बदलल्यासारखं करा."

सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. हसलं कुणीच नाही. मला याचं काय वाटावं ते अजून ठरत नाही. चांगलंच वाटतंय बहुतेक.

१७ एप्रिल

खाली गेलो. सूनबाईला म्हटलं, "लाल साबण बंद करू या. तुला सोसत नाही, आणि मला आता त्याची गरज नाही."

ती साच्यांना तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि मेट्रनबाईंना काय सांगायचं? तुमच्या आनंदासाठी सुरू केला होता हो, बाबा. पण आता तो खरंच चांगला होतो. मला नाही बंद करायचा."

"डोकं दुखतं ना तुझं?"

"मग पंखा बसवा ना मोठा. बाहेर हवा फेकणारा. केव्हाची सांगायचं म्हणतेय."

पंखा! म्हणजे त्या दिवशी ती खरंच पंख्याविषयीच बोलत होती? विचारलं. तिनं जीभ चावली. "थोडंसं पंख्याविषयी, थोडंसं तुमच्याविषयी."

कार्बोलिक यापुढे तीच घालणार. तराजूनं.

२६ एप्रिल

पंखा बसला. शेजारणीची दिशा टाळून.

मेट्रनबाई स्वतः कारखाना बघायला आल्या. एक अडचण घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमच्या पोरींना हा साबण घरीही न्यायचाय, पण घरचे म्हणतात, घरात दवाखाना नको. या वासाला जरा माणसात आणता येईल का?"

मी साचे पुसायला घेतले. वासाचा प्रश्न आणि मी! सूनबाईनं मात्र माझ्याकडे बघितलं, मुलाखतीला बसवल्यासारखं. "बाबा, कार्बोलिकबरोबर काय नांदेल?"

मी डोळे मिटले. तोंडातून आपसूकच निघालं, "फुलं नाहीत. फुलं त्याच्यापुढे रडतात. त्याला हाडापेराचं कुणीतरी पाहिजे. लवंग. देवदार. आणि वर थोडं लिंबू, पण लिंबाची साल, रस नव्हे."

ते सगळं अजून आत जागच्या जागी आहे की! नाकाचं दार बंद झालंय. आतलं घर नाही.

४ मे

आठवडाभर आम्ही दोघं वास जुळवतोय. ती हुंगते आणि सांगते, मी ऐकतो आणि सुचवतो. सुरुवातीला तिला शब्दच सुचेनात. "चांगला आहे," "नाही आवडला," एवढंच. म्हटलं, "असं नाही. कुठे लागतो ते सांग. टोकाला की मागे? ओला की कोरडा? आल्या आल्या जातो की रेंगाळतो?"

आता सांगते. परवा म्हणाली, "बाबा, लवंग पुढे पुढे करतेय. लग्नात मिरवणाऱ्या आत्याबाईंसारखी." मी म्हटलं, "मग बसव तिला मागच्या रांगेत. निम्मी कर." काल म्हणाली, "आता लिंबू येतं आणि पळून जातं, मग नुसता दवाखाना." मी म्हटलं, "मध्ये धरून ठेवणारं कुणी नाही. देवदार वाढव, थेंबाथेंबानं."

मोगऱ्याच्या घाण्याकडे मी स्वतः कधी इतकं लक्ष दिलं नसेल. नाक होतं तेव्हा विचार करावा लागत नव्हता.

आज दुपारी तिनं देवदाराचा आणखी एक थेंब घातला. ढवळलं. पट्टी बुडवली, हवेत हलवली, हुंगली. मग पट्टीकडेच बघत राहिली.

"काय झालं? कुठे चुकतंय?"

ती पुन्हा हुंगत होती.

"अगं, सांग तरी. कार्बोलिक आहे का?"

"आहे," ती हळूच म्हणाली. "आहे, पण बाबा, ते आता... थांबा." आणि ती पट्टी घेऊन जिना चढत गेली, "आई, आई" करत.

ही खाली आली ती ओल्या हातांनीच. सूनबाईनं पट्टी तिच्या नाकाशी धरली. या बाईनं जन्मभर माझ्या साबणांना "बरा आहे" याहून जास्त कधी म्हटलेलं नाही. हिनं हुंगलं. भुवया वर गेल्या. मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले आणि पुन्हा हुंगलं, या वेळी डोळे मिटून, सावकाश. सूनबाई ओठ दाबून हिच्याकडे बघत होती. हिनं डोळे न उघडताच पट्टी तिच्या हातातून काढून घेतली आणि परत देईना.

मी स्टुलावर बसून आळीपाळीनं दोघींचे चेहरे बघत राहिलो. फार सुंदर झालाय.